अकरा मधमाश्या

रोज सकाळी अकराच्या सुमारास आमच्या प्रयोगशाळेत भात शिजल्याचा वास सुटायचा आणि मला हमखास भूक लागायची. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, आत पंगत बसणार आहे. पण तो भात कुणाच्याच ताटात जायचा नाही. तो बुरशीसाठी असायचा.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी शेतकीची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि नाशिक शहराबाहेरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत हंगामी मदतनीस म्हणून लागले होते. इंदिरानगरातल्या घरून मोपेड काढायची, डबा पुढे अडकवायचा आणि साडेनऊला हजर व्हायचं. तीन खोल्या, एक व्हरांडा, मागे कचरा जाळायचा खड्डा, असा सगळा पसारा. माणसंही तीनच. एक सर, म्हणजे आमचे साहेब, निवृत्तीला टेकलेले, हळू बोलणारे. दुसरे मामा, म्हणजे शिपाई. काचसामान धुण्यापासून भात शिजवण्यापर्यंत सगळं तेच बघायचे. तिसरी मी. घाईची आणि तोंडाळ. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

आमचं काम होतं नाकतोड्यांवर. पेठच्या डोंगरात भाताची खाचरं आहेत, तिथे पावसाळ्यात नाकतोडे भाताची पानं कुरतडतात. मामा त्याच डोंगरातले. त्यांच्याकडे बायका पहाटे दंवात जुनं लुगडं दोन्हीकडून ताणून धरतात आणि खाचरातून चालतात. पंख ओले असल्यामुळे नाकतोड्यांना उडता येत नाही, ते लुगड्यात पडतात आणि कोंबड्यांची चंगळ होते. ही पद्धत वरच्या कचेरीतल्या लोकांना अगदीच गावठी वाटायची. त्यांनी परदेशातून एक काचनळी मिळवली होती. नळीत एक बुरशी होती. ती तिकडच्या नाकतोड्यांना मारते म्हणे, मग आपल्याही मारेल. आम्ही ती वाढवायची, तिची पावडर करायची आणि डोंगरात फवारायची, असा बेत होता.

बुरशी वाढवायची ती अर्धवट शिजवलेल्या भातावर. प्लॅस्टिकच्या पिशवीत भात भरायचा, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा, आमच्या वाफेच्या यंत्रात, ज्याला मामा मोठा कुकर म्हणायचे, ती पिशवी उकडून काढायची आणि थंड झाल्यावर नळीतला कणभर भाग आत सोडायचा. आधी शितांवर पांढरी कापसासारखी वाढ दिसायची. आठ-दहा दिवसांत सगळं गर्द हिरवं व्हायचं. ती हिरवी पूड झाडून घेतली की झालं.

सरांना या बेताची घाई नव्हती. खरं सांगायचं तर त्यांना तो बेतच पसंत नव्हता. मामांनी त्यांना एकदा सांगितलं होतं की डोंगरात काही वर्षी, भादव्यात, नाकतोडे आपणहून भाताच्या शेंड्यावर चढतात आणि तिथेच काडीला मिठी मारून मरतात. तसे दिसले की म्हातारी माणसं म्हणतात, सरलं यांचं यंदापुरतं. सरांना या गोष्टीचं फार अप्रूप होतं. ते म्हणायचे, हा इथलाच रोग आहे, इथल्या नाकतोड्यांबरोबर पिढ्यान्पिढ्या वाढलेला, कुणाला उचलायचं आणि कुणाला सोडायचं हे त्याला कळतं. नळीतल्या पाहुण्याच्या सवयी आपल्याला कुठे माहीत आहेत? औषध फवारलं तर चार दिवसांत त्याचा जोर जातो. ही जिवंत गोष्ट आहे, ती वाढत जाणार. शिवाय डोंगरातले सगळेच नाकतोडे भात खातात असंही नाही, कितीतरी नुसत्या गवतावर जगतात, त्यांनी आपलं काय घोडं मारलंय? आधी ही बुरशी आणखी कुणाकुणाला खाते ते बघू, मग फवारू.

मला हे सगळं रडगाणं वाटायचं. माझी नोकरी हंगामी होती. फवारणी झाली, अहवालावर माझं नाव आलं, तर कायम होण्याची आशा होती. नाकतोड्यांची कसली आलीय दया, असं मी घरी जेवताना बोलून दाखवायची.

सरांचा एक नियम मात्र कडक होता. नळीतून आलेलं काहीही या इमारतीबाहेर जिवंत जायचं नाही. वापरलेल्या भाताच्या पिशव्या पुन्हा मोठ्या कुकरात उकडायच्या आणि मग मागच्या खड्ड्यात रॉकेल ओतून जाळायच्या. हे काम मामांकडे होतं आणि ते त्यांच्या जिवावर यायचं. काडी लावण्याआधी ते भाताला हात जोडायचे. एकदा मी ते पाहिलं आणि विचारलं, काय मामा, बुरशीला नमस्कार का? ते नुसते हसले. नंतर भांडी धुताना म्हणाले, लहानपणापासून चिखलात वाकून भाताची आवणी केलेल्या माणसाला शीत जाळताना कसं वाटतं ते शहरातल्या माणसाला नाय कळायचं. मी हो हो म्हटलं आणि माझ्या कामाला लागले.

बुरशी आणखी कुणाला खाते हे बघायला सरांना मधमाश्या हव्या होत्या. मामांच्या डोंगरातल्या घरी होत्या; दर शनिवारी ते तिकडे जायचे. पडवीच्या आढ्याला एक जुनं मडकं टांगलेलं होतं, त्याला बोटभर भोक. आत मेण चोळून ठेवलं की सातेरी माश्या आपणहून येतात, आवडलं तर राहतात, असं मामा सांगायचे. मडकं खरं तर मामींचं. त्या माश्यांशी बोलायच्या, बाहेरगावी जाताना त्यांना सांगून जायच्या. त्यातल्या मूठभर माश्या मामांनी जाळी लावलेल्या खोक्यातून सोमवारी सकाळच्या बसने आणल्या. मांडीवर खोकं, खोक्यात गुणगुण. गच्च भरलेल्या बसमध्ये मामांना अख्खं बाक मोकळं मिळालं, हे सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. सरांनी निम्म्या माश्यांवर हिरवी पूड टाकली, निम्म्या तशाच ठेवल्या, आणि आम्ही वाट बघत बसलो.

त्याच पंधरवड्यात वरून फोनवर फोन येत होते. माल तयार ठेवा, फवारणी केव्हाही सांगू. फळ्या पिशव्यांनी भरून गेल्या होत्या, नव्या ठेवायला जागा नव्हती. काही पिशव्या वेळेत हिरव्या व्हायच्या नाहीत, पांढऱ्याच राहायच्या. त्या मी शनिवारी बाजूला काढल्या आणि मामांना म्हटलं, या फुकट गेल्या, यांत काही नाही, काढून टाका. पुढच्या शनिवारीही तेच केलं. यांत काही नाही म्हणजे यांत पूड नाही, असं माझ्या मनात होतं. मनातलं दुसऱ्याला कसं कळणार? मोपेडला किक मारता मारता बोललेलं वाक्य ते.

पंधरा दिवसांनी, सोमवारीच, निकाल दिसला. पूड टाकलेल्या माश्या मेल्या होत्या आणि ओल्या कागदावर ठेवल्यावर त्यांच्या मानेच्या सांध्यातून, पायांच्या पेरांतून हिरवी लव फुटली होती. बाकीच्या साफ होत्या. मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. इतका स्वच्छ निकाल मी कधी पाहिला नव्हता. मी ती काचेची प्लेट घेऊन मामांना दाखवायला मोरीपाशी गेले. त्यांनी हात पुसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"ताई," त्यांनी विचारलं, "पांढरा भात बी असाच हिरवा व्हतो का?"

मी म्हटलं, होणारच, चार दिवस ठेवला की होतो, तीच तर बुरशी. त्यांनी हातातला चंबू खाली ठेवला आणि ते तिथेच उकिडवे बसले. मग एकेक करून सांगितलं. दोन्ही शनिवारच्या पांढऱ्या पिशव्या त्यांनी गावी नेल्या होत्या. ताई म्हणाल्या यांत काही नाही. चांगला भात, मग जाळायचा कशाला? कोंबड्या खातील. मामी तो सुपात घालून पडवीत वाळवायच्या आणि मग कोंबड्यांना टाकायच्या. सूप ठेवायची जागा नेमकी मडक्याखालची.

मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि माझंच वाक्य मला आठवलं. पण तेवढ्याने मी काही शहाणी झाले नाही. सरांच्या खोलीत गेले तेव्हा मी आधी मामांचंच नाव घेतलं. मामांनी भात घरी नेला, म्हटलं. मी काय बोलले होते ते सांगायला मला आणखी दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांची मला आजही शरम वाटते.

सर चिडले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले आणि जीप मागवली.

पेठच्या रस्त्याने आम्ही तिघं निघालो. पाऊस ओसरला होता, घाटात सगळीकडे पिवळी फुलं होती. एरवी मी गाडी थांबवायला लावली असती. मामा पुढे बसले होते आणि त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट होते.

मामी म्हणजे बारीक चणीच्या, तुरतुर चालणाऱ्या. त्यांना वाटलं, साहेब पाहुणे आले. त्यांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं, मला म्हणाल्या, पोरी, किती वाळलीस, शिकून शिकून अशी झालीस का? आढ्याला मडकं होतं. भोकातून माश्या ये-जा करत होत्या, पायांना पिवळा पराग लागलेला. कोंबड्या अंगणात मजेत होत्या. आणि मडक्याखाली सुपात शनिवारचा उरलेला भात होता. एका कडेने तो हिरवा पडायला लागला होता.

सर गुडघे टेकून बसले आणि जमीन बघायला लागले. मडक्याखाली अकरा मेलेल्या माश्या मिळाल्या. मामी म्हणाल्या, रोजच चार-दोन पडतात, म्हाताऱ्या होतात आन् पडतात. सरांनी त्या एकेक करून चिमट्याने कुपीत घेतल्या. मग त्यांनी मामींना सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. कदाचित काहीच झालं नसेल, हेही सांगितलं. मामींनी विचारलं, कधी कळेल? सर म्हणाले, आठ-दहा दिवस लागतील. मामींनी विचारलं, आणि तोवर? सरांनी समोरच्या डोंगराकडे हात केला. तोवर या माश्या फुलांवर जाणार, त्याच फुलांवर रानातल्या माश्या येणार. यांना लागण झाली असली तर ती रानात जाईल. रानातली मोहोळं कोण गोळा करणार?

यापुढचं वाक्य सरांना बोलवेना. ते मामीच बोलल्या.

"मडकं जाळायचं म्हणता ना?"

सर म्हणाले की मला तसा हुकूम करायचा काही अधिकार नाही, तुमचं मडकं, तुम्ही ठरवा. मामा उठून घरामागे निघून गेले. मामी थोडा वेळ मडक्याकडे बघत बसल्या.

"सायेब, ही रोगराई एकदा डोंगरात गेली तर तुमाला मागं बोलवता यील का?"

"नाही," सर म्हणाले.

"मंग इचारता कशाला?"

माश्या घरी परतेपर्यंत थांबायला हवं होतं. तेवढ्यात आम्ही अंगणातली वरची माती खरवडली, चुना टाकला, परसात खड्डा खणला. सूपही जाळायचं ठरलं. मामींनी विचारलं, कोंबड्या पण का? सर म्हणाले, नाही, त्यांना काही होत नाही. मामी म्हणाल्या, चला, एवढं तरी सोडलंत. त्या हसल्या आणि मला हुंदका आला.

ऊन उतरलं. शेवटच्या माश्या आत गेल्या. मामांनी ओल्या मातीचा गोळा केला आणि भोक बुजवलं. मडकं सोडवून त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं. आतून गुणगुण वाढत होती. तीन ढांगांवर खड्डा होता, पण मामा तिथे जाऊन नुसते उभे राहिले. भाताच्या शितांना हात जोडणारा माणूस तो, त्याचे हात त्या दिवशी रिकामे नव्हते. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते वाकले. मला पुढचं बघवलं नाही. मी पडवीत जाऊन रडले, अगदी मोठ्याने, आणि मामीच माझी पाठ थोपटत बसल्या. ज्यांच्या माश्या गेल्या त्या मला समजावत होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती काचनळी आणि फळ्यांवरच्या सगळ्या पिशव्या मोठ्या कुकरात घातल्या. वर कळवलं की ही बुरशी आपल्या मधमाश्यांना मारते, ती रानात सोडता येणार नाही, आणि ज्या प्रयोगशाळेतून ती एकदा बाहेर गेली तिच्यावर भरवसा ठेवू नका, ती प्रयोगशाळा माझीच आहे. मामांचं नाव त्यांनी कुठेही घातलं नाही. माझंही नाही.

अकरा माश्या मी ओल्या कागदावर ठेवल्या होत्या, एका प्लेटमध्ये एक, झाकणावर आकडे घालून. रोज सकाळी आल्या आल्या भिंग घेऊन बसायची. आठ दिवस झाले, दहा झाले, बारा झाले. एकीलाही हिरवी लव फुटली नाही. सर म्हणाले, या अकरांवर नव्हती, एवढंच आपल्याला कळलं. मडक्यात हजारो होत्या, त्यांचं आता कधीच कळणार नाही. मग ते म्हणाले, मामांना तू सांगशील ना?

मामा व्हरांड्यात झाडत होते. मला बघून थांबले. काय निघालं, त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत बघून मला खरं बोलवेना. ज्या माणसाने जिवंत, बहुधा निरोगी मोहोळ आपल्या हाताने खड्ड्यात ठेवलं, त्याला हे कसं सांगायचं? आणि तेही माझ्या एका वाक्यापायी?

"निघाली मामा," मी म्हटलं. "दोघींवर हिरवी निघाली. बरं झालं, वेळेवर जाळलं."

त्यांनी मान हलवली. बरं झालं, म्हणाले, आणि पुन्हा झाडायला लागले. मी प्लेटी टेबलावर तशाच ठेवून त्या दिवशी लवकर घरी गेले.

वर्षाअखेर ते काम बंद झालं आणि माझी नोकरी गेली. पुढे मी एका कॉलेजात शिकवायला लागले. सर निवृत्त होऊन मुलाकडे गेले, काही वर्षांनी वारले. मामाही निवृत्त होऊन गावी गेले. मी दरवर्षी भादव्यात त्यांच्याकडे जायची. मामी दरवर्षी नव्या आणलेल्या मडक्याला आतून मेण चोळून तिथेच टांगायच्या, आणि दरवर्षी ते रिकामं असायचं. रानात माश्या दिसायच्या, तेरड्यावर, तिळावर, पण पडवीत कुणी येत नव्हतं. मामी म्हणायच्या, रुसल्यात. मी चहा पिऊन परत यायची आणि घाट उतरताना न बोललेलं वाक्य मनाशी म्हणायची. त्या अकरांवर काही निघालं नव्हतं, हे एवढंच तर सांगायचं होतं.

दोन हजार सालही मागे पडून बरीच वर्षं झाली तेव्हा एका दुपारी फोन आला. गावातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून मामा बोलत होते. ताई, आल्या, एवढंच म्हणाले. कोण आल्या ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला दांडी मारून मी पहिली बस पकडली.

मडक्याच्या भोकाशी दहा-बारा माश्या घुटमळत होत्या. मामा पडवीत बसले होते, डोळे जरा अधू झालेले. मामी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी खाली बसले आणि मनाशी म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

"मामा, तेव्हा मी खोटं बोलले. अकरातल्या एकाही माशीवर बुरशी नव्हती."

मामा माश्यांकडेच बघत होते.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "प्लेटी कोण धुवायचं, ताई? धुवायच्या आधी एकेक उजेडाला धरून बघितली. अकराच्या अकरा."

इतकी वर्षं? मग बोलला का नाहीत, मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, ते मी कसं मोडू? मग आवाज खाली आणून म्हणाले, घरी मीसुद्धा दोघींवर निघाली असंच सांगितलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामींचा हात सुपात थांबला होता. त्यांना हे आत्ताच कळत होतं. मला त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. मामी बोलल्या, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता.

"तवा कुणाला कळत व्हतं? कळत नव्हतं, म्हणून तर जाळलं."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग तांदळाचं सूप उचललं आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला, मडक्यापासून लांब नेऊन ठेवलं.